एम. के. प्रसाद सरांची आठवण आणि एक विनंती

मा. संपादक,
स. न.

विद्यापीठांच्या रँकिंगवर सध्या बरंच छापून येतं, कुणाचा नंबर किती घसरला, कुणाचे किती पेपर कुठल्या जर्नलात आले वगैरे. ते वाचलं की मला दरवेळी एका माणसाची आठवण येते आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून हे पत्र लिहितेय. प्रोफेसर एम. के. प्रसाद. केरळचे. बॉटनी शिकवायचे, एर्नाकुलमच्या महाराजाज कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, कालिकत युनिव्हर्सिटीचे प्र-कुलगुरू होते. 17 जानेवारी 2022 ला कोविडने गेले, वय 89.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे सायलेंट व्हॅली. पालक्काड जिल्ह्यातलं सदाहरित जंगल, आपल्याच सह्याद्रीचा दक्षिणेकडचा भाग. तिथे कुंतीपुळा नदीवर साधारण 130 मीटर उंचीचं धरण बांधून 120 मेगावॅट वीज करायची असं ठरलं होतं, 1973 ला प्लॅनिंग कमिशनची मंजुरीही मिळालेली. सरकारचं म्हणणं काय तर बुडणार फक्त 830 हेक्टर. हा ‘फक्त’ आपणही कोकणात किती वेळा ऐकलाय. सत्ताधारी असोत की विरोधक, बहुतेक सगळे धरणाच्या बाजूने. विरोध करणारा म्हणजे विकासाचा शत्रू.

अशा वेळी प्रसाद सरांनी केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या (विज्ञान सामान्य लोकांपर्यंत नेणारी तिथली संस्था) मल्याळम मासिकात लेख लिहिला की हे जंगल राहिलं पाहिजे. लिहिला तो मल्याळममध्ये, चहाच्या टपरीवरच्या माणसालाही वाचता यावा म्हणून, मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. परिषदेतही सगळ्यांना ते लगेच पटलं असं नाही, विजेची गरज तर खरीच होती. मग 1979 ला परिषदेतल्या पाच जणांनी मिळून प्रकल्पाचा अभ्यास केला. प्रसाद सर बॉटनीचे, बाकीच्यांत एक अणुऊर्जेतले इंजिनिअर (ते आधी आपल्या मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात होते), एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर, एक शेतीतज्ज्ञ, एक अर्थशास्त्रज्ञ. ‘झाडं तोडू नका’ एवढंच म्हणून ते थांबले नाहीत, वीज वाहून नेताना किती गळती होते, ती कमी केली तर काय होईल, दुसरे पर्याय कोणते, सगळा हिशोब मांडला. भावनेच्या भरात बोलताय असं म्हणायला कुणाला जागाच ठेवली नाही.

पुढे कवी आले, विद्यार्थी आले, डॉ. सालिम अलींनी विरोध केला, केंद्राने प्रकल्प तपासायला मेनन कमिटी नेमली त्यात आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ होते. 1983 ला प्रकल्प रद्द झाला आणि 1984 ला सुमारे 90 चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क जाहीर झालं.

मी स्वतः तिथे रिटायर झाल्यावर गेले, फेब्रुवारीत. मुक्कालीहून फॉरेस्टच्या जीपने सैरंध्रीपर्यंत नेतात, तेवीसेक किलोमीटर, रस्ता असा की हाडं खिळखिळी होतात. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी राहिलेली द्रौपदी, नदीचं नाव कुंती, ऐकून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तिथल्या टॉवरवरून खाली नदी दिसते आणि गाईडने बोट दाखवून सांगितलं की धरण होणार होतं ते इथेच जवळ. वाटेत एका कुलेनियाच्या झाडावर सिंहपुच्छ वानरांची टोळी दिसली. हे झाड फुलतं तेव्हा जंगलात दुसरं खायला फार नसतं, म्हणून माकडं त्याच्या फुलांवर तुटून पडतात. एक मादी पिल्लू पोटाशी धरून फांदीला चिकटलेली तपकिरी फुलं एकेक ओढून खात होती, फुलं टपटप खाली पडत होती. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना एंडेमिक म्हणजे प्रदेशनिष्ठ अशी व्याख्या लिहून दिली, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. हे माकड पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते.

प्रसाद सर नंतरही स्वस्थ बसले नाहीत. मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट या जागतिक अभ्यासाच्या बोर्डावर ते होते आणि तरी कांदळवन वाचवायला गावागावांत फिरायचे. पद मिळालं म्हणून जंगलाबद्दल बोलणं बंद केलं नाही.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करतेय, कॉलेजांमधून सह्याद्रीचं एकेक पठार पायाखाली घातलेले बॉटनीचे शिक्षक आहेत, कासची कारवी कधी फुलणार हे त्यांना तोंडपाठ असतं. पण ते लिहितात इंग्रजीत कारण प्रमोशनला तेच मोजलं जातं, आणि गावात खाणीची जनसुनावणी लागते तेव्हा लोकांच्या हातात त्यांच्या भाषेतलं एक पानसुद्धा नसतं. मी अशा एका सुनावणीला बसलेय. जाडजूड रिपोर्ट टेबलावर होता, सगळा इंग्रजीत, आणि शेजारी बसलेल्या आजी मला विचारत होत्या, ‘बाई, यात आमच्या व्हाळाचं काय लिवलंय?’ (व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा.)

तर विनंती अशी की तुमच्या जिल्हा आवृत्तीत आठवड्याला अर्धं पान अशा शिक्षकांना द्या, आपल्याच तालुक्यातली देवराई, सडा (म्हणजे कातळाचं पठार), ओढा यांच्यावर मराठीत लिहायला. सुरुवातीला कुणी मिळालं नाही तर पहिला लेख मी देते, आमच्या व्हाळावरचा. वनस्पतींची यादी तयार आहे.

आपली,
बॉटनीची एक निवृत्त शिक्षिका, कुडाळ