बाळ्या, तुझ्या घराच्या आवाजांबद्दल

प्रिय बाळ्या,

घरातल्या तड्यांचे फोटो बघितले, रात्रीच्या आवाजांचा व्हॉइस मेसेज पण ऐकला. फोनवर सांगायला घेतलं की तू दर वाक्याला "पण पडणार तर नाही ना" म्हणतोस, म्हणून सरळ लिहूनच पाठवतोय, काकूंना पण वाचून दाखव.

घर पडत नाहीये. काकूंची झोप का उडते ते कळतं रे मला, औशाकडच्या ज्या माणसाने 30 सप्टेंबर 1993 ची पहाट बघितलीय त्याला दार कुरकुरलं तरी किल्लारीचा भूकंपच आठवणार. पण तिकडे माणसं दगावली ती जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली, त्यातले दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते, आणि डोक्यावर माळवद, गळू नये म्हणून थरावर थर माती टाकून टाकून जड झालेलं. तुझं घर आरसीसी आहे, कॉलम-बीमने एकत्र बांधलेलं. उगाच दोन्ही एका दावणीला बांधू नका.

रात्री गच्चीवरून जो ठक्क आवाज येतो ना, तो पत्र्याच्या शेडचा. ऊन पडलं की पत्रा 60 डिग्रीला जातो आणि रात्री 25 वर येतो, तेवढ्यात तीन मीटरचा पत्रा सव्वा मिलीमीटर आखडतो, पण बोल्टने आवळलेला असल्यामुळे त्याला सरकता येत नाही, मग ताण साठत जातो आणि एकदम सुटतो. दिवसाही होतं हे, पण तेव्हा टीव्ही, मिक्सर, पोरं, कोण ऐकतंय. आणि गावच्या घरातलं ते सागाचं दार आणून बसवलंस ते पावसाळ्यात अडकणारच, लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाहीच. सुताराला आत्ता रंधा मारू देऊ नको हां, उन्हाळ्यात बोटभर फट दिसेल मग मलाच शिव्या घालशील.

हॉलमधला कॉलमलगतचा सरळ उभा तडा सोडून दे. वीट आणि काँक्रीट उन्हाने सारखं वाढत नाही, तिथे प्लास्टरखाली जाळी मारायची राहिलीय, बाकी काही नाही.

पण बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर गेलाय तो मात्र खालच्या मातीमुळे आहे. आपल्या म्हाताऱ्यांनी घरं पांढरीत बांधली आणि काळी शेताला ठेवली, आता एनए (बिनशेती) झालेले प्लॉट बघ, सगळे काळीत! काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी आत घेऊन फुगतात आणि उन्हाळ्यात एवढे आकसतात की रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुला मी काय सांगू, तू तर शेतकऱ्याचा पोरगा. तेच घराखाली चालू असतं, फक्त सगळीकडे सारखं नाही. कडेच्या भिंतीखाली पाणी लवकर पोचतं, मधल्या खोलीखाली उशिरा, मग एक कोपरा वर उचलला जातो आणि दुसरा जागेवरच राहतो. अख्खं घर सारखंच खचलं असतं तर तुला पत्ताही लागला नसता.

मला खरा राग येतो तो पाया खोदताना मिस्त्रीने म्हटलेल्या "पाच फुटावर टणक लागलं" या वाक्याचा. मे महिन्यात खोदलं होतं ना? मेमध्ये कोरडी काळी एवढी कडक असते की टिकाव उडतो, मिस्त्रीला वाटतं मुरूम लागला. मुरुमापर्यंत जायलाच हवं होतं, किंवा खाली फुगीर टोक असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी पुढे आणलेत आणि साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण ऋतूप्रमाणे होणारी हालचाल तिथवर संपत येते. असो, झालं ते झालं.

आता तडा नुसता पुट्टी भरून रंगवू नको. त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटव, तारीख लिही आणि पुढच्या मेपर्यंत बघ. पट्टी फुटली म्हणजे हालचाल चालू आहे. उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो असं दिसलं तर मातीच आहे हे पक्कं. तोपर्यंत घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरसबंदी कर, उतार बाहेरच्या बाजूला, गच्चीचं पाणी पाइपने लांब सोड, आणि भिंतीला लागून काकूंनी जास्वंदीचं आळं केलंय ते तिथून हलव (हे तू सांग, मी नाही सांगणार). कोपऱ्यातला कडुलिंब तोडायची घाई करू नको, तो पाणी ओढतो हे खरं, पण एकदम तोडला की माती पाणी धरून उलटी फुगते.

कॉलमला किंवा बीमला तडा दिसला तर मात्र माझी वाट बघत बसू नको, लातूरमधला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव, आणि बांधणाऱ्याच्या ओळखीतला नको. दिवाळीत येतोय, पायाचे फोटो आणि ड्रॉइंग असतील तर काढून ठेव.

तुझा,
सच्या