वास्तुकारांच्या दप्तरांसाठी राज्यात जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या बातम्या आपल्या दैनिकात नित्य असतात आणि अमुक वास्तू राखावी की पाडावी यावर वाचकांची पत्रेही येतात. परंतु इमारतीच्या बरोबरीने, पुष्कळदा तिच्याही आधी, जे नष्ट होते त्याचा उल्लेख कोठे दिसत नाही. ज्या कचेरीत त्या इमारतीची आखणी झाली तिचे दप्तर, म्हणजे पेन्सिलीतली कच्ची रेखाटने, शाईतले ट्रेसिंग, साइटवरची छायाचित्रे, मालक, कंत्राटदार आणि नगरपालिका यांच्याशी झालेला पत्रव्यवहार, रोजनिश्या, बिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर येथे नावारूपाला आलेल्या वास्तुकारांची पिढी आता जवळजवळ सरली आहे. त्यांच्या कचेऱ्या बहुधा पागडीच्या किंवा भाड्याच्या जागेत होत्या. जागा रिकामी करायची वेळ येते तेव्हा मुले परगावी किंवा परदेशी असतात, आणि पोटमाळ्यावरच्या गुंडाळ्यांचे काय करायचे हा प्रश्न एका दुपारीत निकालात निघतो. ट्रेसिंगच्या कागदाला रद्दीवालासुद्धा धड भाव देत नाही.

चार्ल्स कोरिया यांचे उदाहरण सर्वांनाच परिचित आहे. दादरचे साल्व्हेशन चर्च, पेडर रस्त्याजवळचे कांचनजंगा, बेलापूरची कमी उंचीच्या घरांची वसाहत, पुण्याची ‘आयुका’, पणजीची कला अकादमी ही त्यांची कामे आपल्या रोजच्या पाहण्यातली. सिडकोचे ते पहिल्या वर्षांतले मुख्य वास्तुकार. त्यांचे सहा हजारांहून अधिक आराखडे मात्र आज लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या संग्रहात आहेत. त्यांनी ते स्वतः त्या संस्थेला दिले आणि २०१३ मध्ये संस्थेने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनदालन २०१७ च्या एप्रिलमध्ये रातोरात पाडले गेले. त्याचे वास्तुकार राज रेवाल यांच्या कामाचे आराखडे आणि प्रतिकृती पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जपलेल्या आहेत.

यावर ‘आपला ठेवा परदेशी गेला’ असा गळा काढणे सोपे आहे. मला तो अप्रामाणिकपणा वाटतो. कोरियांनी ते आराखडे मुंबईत कोणाच्या स्वाधीन करायचे होते? ज्या संस्थेकडे आडव्या खणांची कपाटे आहेत, कागद दुरुस्त करणारे जाणकार आहेत, सूची करणारे ग्रंथपाल आहेत आणि मागितलेला कागद अभ्यासकाच्या टेबलावर आणून देण्याची रीत आहे, तिच्याकडे त्यांनी ते सोपवले. त्यांचा निर्णय योग्यच होता, लाज वाटायची तर ती आपल्याला वाटावी. पैशाचे कारणही पूर्ण खरे नाही. अहमदाबादच्या आयआयएमचे अमेरिकन वास्तुकार लुई कान १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर वारले तेव्हा त्यांची कचेरी कर्जात बुडालेली होती आणि आराखडे विकले जाऊन विखुरण्याची धास्ती होती. पेनसिल्व्हेनिया राज्याने ते सरकारी पैशाने विकत घेतले आणि तेथील विद्यापीठात कायमचे ठेवायला दिले. म्हणूनच २०२० च्या अखेरीस अहमदाबादच्या आयआयएमने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा विटांच्या त्या कमानी मुळात कशा योजल्या होत्या हे कागदावर पडताळून पाहण्याची सोय जगात कोठेतरी शिल्लक होती.

आणि इतक्या दूर जायलाही नको. बाळकृष्ण दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, त्यांच्या कामाचा संग्रह अहमदाबादला त्यांच्याच वास्तुशिल्प प्रतिष्ठानाने सांभाळला, आणि युरोपात २०१९ मध्ये गाजलेले प्रदर्शन त्या संग्रहाच्या जोरावर उभे राहिले. कान यांच्या पश्चात आयआयएमचे काम पुढे नेणारे अनंत राजे हेही मुंबईचे आणि जे. जे. चेच; त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांच्या नावाने अहमदाबादेत प्रतिष्ठान काढून आराखडे लावून ठेवले. मालवणजवळच्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे हार्वर्डला नामवंत वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले आणि कानपूरची आयआयटी, मेहसाण्याची डेअरी उभारून गेले. त्यांची कचेरी दिल्लीची. आपली माणसे आणि त्यांची दप्तरे, दोन्ही राज्याबाहेर. जी कामे महाराष्ट्रात झाली, महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत झाली, त्यांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

या कागदांत एवढे आहे तरी काय, असे कोणी विचारील. मी वास्तुविद्येचा अध्यापक होतो आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष ट्रेसिंग हाताळायला देत असे, म्हणून एकाच कागदाचे वर्णन करतो. मुंबईतल्या एका साध्या चारमजली निवासी इमारतीचा तो जिन्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, होता. शाईची रेघ ब्लेडने खरवडून काढलेली जागा उजेडासमोर धरल्यावर स्पष्ट दिसे. पहिल्या आखणीत जिन्याला तीन वळणे होती, ती खरवडून दोन केलेली होती. कोपऱ्यात पेन्सिलीने बीमची खोली बदलल्याची नोंद आणि आर.सी.सी. कन्सल्टंटची, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचे गणित करणाऱ्या इंजिनिअरची, आद्याक्षरे होती. उलट्या बाजूने रंगीत पेन्सिल घासलेली होती, कारण सरळ बाजूने घासली तर शाई फिसकटते. खाली ड्राफ्ट्समनचे नाव, चार सुधारणांच्या चार तारखा. बांधलेल्या इमारतीत शेवटचा निर्णय तेवढा दिसतो. त्याआधी काय सुचले होते, ते का सोडले आणि कोणाच्या सांगण्यावरून सोडले, हे या कागदावरच कळते. कागद स्कॅन करून मूळ टाकून द्यावा असे सुचवणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की खरवडलेली जागा आणि पाठीमागची पेन्सिल स्कॅनमध्ये बहुतेक वेळा उमटतच नाही.

हा केवळ अभ्यासकांचा शौक नाही. पणजीच्या कला अकादमीचे नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, आणि पुढे नाट्यगृहातल्या ध्वनियोजनेबद्दल व गळतीबद्दल कलावंतांनी तक्रारी केल्या. त्याची जबाबदारी कोणाची या वादात मी शिरत नाही. पण असे काही घडले की पहिला प्रश्न येतो तो मूळ आराखड्यात सळई कोठे, किती आणि कशी होती याचा. मुंबई-पुण्यातल्या हजारो इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट याच प्रश्नापाशी अडते. सोसायटीकडे असते ती नगरपालिकेने मंजूर केलेली प्रत, ज्यात नवे बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळे, एवढाच हिशेब. सळयांचा तपशील कन्सल्टंटच्या कचेरीत होता आणि ती कचेरी कधीच बंद झालेली असते. मग स्लॅब ठिकठिकाणी फोडून अंदाज बांधावे लागतात. म्हणून वास्तुकारांच्या दप्तराबरोबर इंजिनिअरांची दप्तरेही राखली पाहिजेत. ती अधिक नीरस असतात, म्हणून अधिक लवकर टाकली जातात.

दुसरी बाजू नामवंत नसलेल्यांची. ओव्हल मैदानासमोरचे एम्प्रेस कोर्ट आखणारे जी. बी. म्हात्रे (१९०२–१९७३) यांच्यासारख्यांमुळे मुंबईच्या १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी मरीन ड्राइव्ह ते माटुंगा-शिवाजी पार्कपर्यंत त्या काळी घरे बांधणाऱ्या किती वास्तुकारांची नावे आज कोणाला सांगता येतील? स्त्रियांच्या बाबतीत तर अंधारच अधिक. नवी मुंबईची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून लोकांपुढे मांडणारे तिघे होते, कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. पहिल्या दोघांविषयी वाचायला पुष्कळ मिळते. प्रवीणाबाईंच्या कामाचा माग काढू जाता फार थोडे हाती लागते. दप्तर राहिले नाही की श्रेयही राहत नाही. छायाचित्रांचे मोल याच कारणाने मोठे आहे. परांचीवर उभे असलेले सुतार, डोक्यावरून घमेल्यांनी काँक्रीट वाहणाऱ्या बायका, बांबूंचे सेंट्रिंग, ही त्या इमारतींच्या जन्माची साक्ष कोणत्याही आराखड्यात नसते. अशा फोटोंच्या मागे बहुधा काहीही लिहिलेले नसते, आणि ओळखू शकणारे माणूस गेले की तो फोटो कोणत्याही साइटचा होतो.

कायद्याचा आधार घेऊ म्हटले तर तोही तोकडा आहे. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आणि राज्याचा २००५ चा अधिनियम सरकारी कार्यालयांच्या कागदांपुरते आहेत. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्यात दस्तऐवज येतो तो ७५ वर्षांचा झाल्यावर, म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास काढलेले आराखडे आता कोठे त्या मर्यादेत येत आहेत. परिणाम असा विचित्र झाला आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याची १९ व्या शतकातली कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात, १८२१ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, मागवून वाचता येतात, परंतु १९६५ सालच्या एखाद्या खासगी शाळेच्या इमारतीचा एक कागद मिळवायचा तर दहा ठिकाणी हेलपाटे घालूनही हाती काही लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, गोळा केले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि एखाद्या घराण्याचे दप्तर म्हणजे समाजाचा ठेवा ही गोष्ट मराठी माणसाला तेव्हापासून पटवून द्यावी लागत नाही. मोडीतल्या कर्जरोख्याला आपण हात जोडतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रेसिंगला मात्र अडगळ म्हणतो.

माझी मागणी मोठ्या संग्रहालयाची नाही. संगमरवरी इमारत, उद्घाटन आणि मग कुलूप, हे आपल्याकडे पुरेसे पाहून झाले आहे. हवे आहे ते दप्तर स्वीकारणारे एक ठिकाण. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालेल्या जे. जे. च्या आवारात पुराभिलेख संचालनालयाच्या देखरेखीखाली ते करता येईल, किंवा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या मुंबईतच जन्मलेल्या संस्थेला सोबत घेऊन करता येईल. सुरुवातीला लागतात आडवे खण, वर्षभर एकसारखे तापमान आणि कमी दमटपणा, वाळवी-कसरीचा बंदोबस्त, आणि पगारी, पूर्णवेळ असे दोन-चार प्रशिक्षित लोक. यातले शेवटचेच सर्वांत आधी गाळले जाते, म्हणून ते मुद्दाम लिहितो. मुंबईच्या हवेत अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने काढलेली आराखड्याची नक्कल, ट्रेसिंगला चिकटून ठेवला तर दोन्ही बिघडतात. कोणता कागद कोणापासून दूर ठेवायचा हे जाणणारा माणूस नसेल तर कपाटे भरण्यात अर्थ नाही. १९९० नंतरच्या कचेऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांचे आराखडे फ्लॉपीवर आणि सीडीवर पडले आहेत, आणि ट्रेसिंग पन्नास वर्षे टिकले तसे ते टिकणार नाहीत.

देणाऱ्यांच्या शंका रास्त असतात आणि त्यांना उत्तर देणारी नियमावली आधी ठरली पाहिजे. स्वामित्वहक्क वास्तुकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. कागद संस्थेला दिला म्हणजे हक्क दिला असे होत नाही, हे लेखी असावे. पत्रव्यवहारात फीवरून झालेली भांडणे असतात, मालकांच्या घरगुती गोष्टी असतात. तेवढा भाग ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची मुभा द्यावी. बँकांचे, तुरुंगांचे, प्रयोगशाळांचे आराखडे कोणालाही दाखवू नयेत हे तर उघडच आहे. महानगरपालिकांनीही जुन्या बांधकाम परवानग्यांच्या फायली निकालात काढण्यापूर्वी या केंद्राला कळवावे. त्याला एक परिपत्रक पुरेल.

हे सर्व होईपर्यंत ज्यांच्या घरी अशा गुंडाळ्या आहेत त्यांना एक विनंती. त्या जमिनीवर ठेवू नका, घडी घालू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. पिवळी पडलेली चिकटपट्टी ओढून काढू नका, तिच्याबरोबर शाई निघते. रबरबँड काढून सुती फीत बांधा. फोटोमागे मऊ पेन्सिलीने इमारतीचे, गावाचे आणि ओळखू येणाऱ्या माणसांचे नाव लिहा, आणि हे काम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत बसवून या सुट्टीतच करा. जागा रिकामी करायची वेळ आलीच तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना एक फोन करा. ते सगळे घेऊ शकणार नाहीत, पण काय आहे याची यादी तरी करून ठेवतील.

आपला,
एक निवृत्त वास्तुविद्या-अध्यापक, पुणे