दहावी: पुस्तक मिटून लिहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या पूर्वपरीक्षा आटोपत आल्या आहेत. 2025 साली बोर्डाची परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. पूर्वीचा मार्च महिना मागे पडला, तेव्हा पूर्वपरीक्षेनंतर मुलांच्या हाती जेमतेम महिना उरतो. हा महिना बहुतेक मुले पुस्तक किंवा गाइड पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि ओळींवर रंगीत खुणा करण्यात घालवतात. कष्ट भरपूर, पण त्यांतले बरेचसे वाया जातात, आणि पेपर हाती आल्यावर 'सगळं वाचलं होतं, आठवतच नाही' अशी घालमेल होते. निम्मा ताण इथूनच येतो.

दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. मुलाला वाटते, हे आपल्याला येते. परीक्षेत मात्र तो मजकूर समोर नसतो, कोऱ्या कागदावर तो आठवून उतरवायचा असतो, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी 2006 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचण्यावर मुलांचा इतका भरवसा का बसतो, तेही यातून कळते: त्या संध्याकाळपुरते खरोखरच सगळे आठवत असते.

मग करायचे काय? विज्ञान भाग 1 मधला 'भिंगे' हा धडा घ्या. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू सहा ठिकाणी ठेवली तर प्रतिमा कुठे, केवढी आणि कशी मिळते, याचा तक्ता एकदा नीट समजून वाचावा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तो तक्ता आणि किरणाकृती काढाव्यात. अडले तरी पाच मिनिटे पुस्तक उघडायचे नाही, कारण आठवण्याची ती धडपड म्हणजेच अभ्यास. मग पुस्तकाशी ताडून चुका लाल पेनने दुरुस्त कराव्यात. हाच भाग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी पुन्हा असाच लिहावा, आणि त्या तारखा धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने टाकाव्यात. एकाच दिवशी चार वेळा केलेली उजळणी अशी टिकत नाही. मध्ये थोडे विसरायला झाले, तरच पुन्हा आठवणे पक्के होते. पहिल्या खेपेला निम्मेच आठवते आणि मूल नाराज होते. घरच्यांनी तेव्हा धीर द्यावा, पद्धत बदलू नये.

गणिताचे दुखणे वेगळे. सरावसंचातली सगळी उदाहरणे एकाच रीतीची असतात. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात बसलेल्या मुलाला वर्गसमीकरण मांडायचे हे आधीच ठाऊक असते. पेपरात तेच शाब्दिक उदाहरण आले की ते रेषीय समीकरणांचे, वर्गसमीकरणाचे की अंकगणिती श्रेढीचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि गाडी तिथेच अडते. म्हणून या महिन्यात प्रकरणवार सराव थांबवावा. निरनिराळ्या प्रकरणांतली पन्नासेक उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावीत आणि रोज न पाहता सहा काढावीत. सोडवण्याआधी कोणती रीत आणि का, हे एका ओळीत लिहावे. चौकटी भरायच्या 'कृती'ही सोडू नयेत. सध्याच्या आराखड्यात गणिताच्या प्रत्येक भागात त्यांना 7 गुण आहेत आणि अर्धी वाट प्रश्नातच दाखवलेली असते.

पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेइतके मोलाचे साहित्य दुसरे नाही, पण मुले एकूण गुण पाहून ती दप्तरात कोंबतात. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे खूण करावी: आलेच नाही, येत असून चुकले, की वेळ पुरला नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे तो घटक शिक्षकांकडून पुन्हा समजून घेणे. दुसऱ्या प्रकारात एकक न लिहिणे, सूत्र न मांडता थेट किमती घालणे, सिद्धतेत कारण न देणे या ठरलेल्या चुका निघतात. त्यांची दहा ओळींची यादी रोज सरावाआधी वाचावी. वेळेसाठी घड्याळच लावावे लागते. 40 गुणांच्या पेपरला दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटे मिळतात. भाषेच्या 80 गुणांना तीन तास, म्हणजे सव्वादोन मिनिटेच. भाषेत निबंध आणि पत्र शेवटी घाईत उरकले जातात ते याचमुळे. 2023 पासून शेवटी मिळणारी 10 मिनिटे या हिशेबात धरू नयेत, ती प्रश्नक्रमांक तपासायला आणि नकाशा, आलेख, पुरवण्या नीट बांधल्या आहेत का हे पाहायला ठेवावीत. सराव पेपर सकाळी 11 वाजताच सोडवावा. रात्री एकपर्यंत जागणाऱ्याचे डोके त्या वेळी नीट चालत नाही. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, म्हणून आठ तासांची झोप अभ्यासाच्या वेळातच धरावी.

पेपरात काही सुचेनासे झाले तर पेन खाली ठेवून चार-पाच संथ श्वास सोडावेत आणि येणाऱ्या दोन गुणांच्या प्रश्नाकडे वळावे. हात लिहिता झाला की अडलेलेही पुष्कळदा आठवते. घरच्यांना विनंती, की झालेल्या पेपरची उत्तरे त्याच संध्याकाळी जुळवत बसू नका. त्यातला एकही गुण आता बदलणार नाही, पुढचा पेपर मात्र बिघडतो. जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते आणि एखादा विषय राहिला तरी वर्ष वाचू शकते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले किंवा निरवानिरवीचे बोलू लागले, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर लगेच बोला. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असते.

शाळांनी पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत परत द्याव्यात आणि त्या घरी नेऊ द्याव्यात. आपल्यालाही एक विनंती. दैनिकांतून दहावीसाठी नमुना प्रश्न छापले जातात, ते उपयोगीच असतात. पण उत्तर प्रश्नाखालीच असले की नजर आधी तिकडे जाते आणि सोडवायचा प्रश्न नुसता वाचून होतो. प्रश्न सोमवारी आणि उत्तरे मंगळवारी छापता येतील का?

आपले,
माध्यमिक शाळांतील काही शिक्षक, सातारा