अभिलेख कक्ष: झाकायचे उघड्यावर, दाखवायचे गहाळ

महोदय,

सरकारी कार्यालयांत दर काही वर्षांनी स्वच्छतेची लाट येते. 2025 च्या सुरुवातीला राबवलेल्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमातही अभिलेखांचे वर्गीकरण, निंदणीकरण (म्हणजे नको असलेले कागद निवडून बाजूला काढणे) आणि मुदत संपलेल्या कागदांचा नाश ही कामे होती. उद्देश चांगलाच आहे. पण महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मला हे काम कोणाच्या हातून आणि किती घाईत होते, याची धास्ती वाटते. वरिष्ठांची तपासणी ठरली की शिपाई, कोतवाल आणि एखादा नवखा लिपिक यांना कक्षात धाडायचे, गठ्ठ्यांना नवे कापड, भिंतींना रंग, मग फोटो. कापडावर लिहिलेले वर्ष आणि आतले कागद यांचा मेळ आहे की नाही, हे उघडून कोण बघतो?

सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवायची रीत, प्रशिक्षणात सगळ्यांना शिकवतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गाचे वर्षभरात काढायचे, हेही पाठ असते. मात्र हातातला कागद कोणत्या वर्गातला हे ठरवायला तो वाचावा लागतो. किरकोळ दिसणाऱ्या अर्जाच्या मागे मोजणीचा एकमेव नकाशा टाचलेला मी स्वतः पाहिला आहे. तो अर्ज ‘ड’ मध्ये गेला असता तर नकाशाही गेला असता.

नाश करायचा तर यादी करावी, मंजुरी घ्यावी आणि कागद वाचताच येणार नाही असा करून टाकावा. होते काय, की गोण्या भरून रद्दीवाल्याकडे जातात. कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स किंवा उत्पन्नाचा दाखला भेळेच्या पुड्याला लागलेला पाहून वाचकांपैकी अनेकांना आता आश्चर्यही वाटत नसेल. सरकारी गुपितांसाठी 1923 पासून कायदा आहे, ‘गोपनीय’ शिक्क्याची पाकिटे कपाटात बंद असतात. नागरिकाने विश्वासाने दिलेले कागद मात्र टेबलाखाली.

अभिलेख कक्षाची किंमत 2023 साली सगळ्या राज्याला कळली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पहिल्या टप्प्यात साडेअकरा हजार कुणबी नोंदी हाती लागल्या. निजामकाळातले कागद उर्दूत, इतर बरेचसे मोडीत. ते वाचणारी माणसे ऐनवेळी शोधावी लागली, काही कागदांसाठी हैदराबाद गाठावे लागले. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे आमच्या भाषेत कोतवाल बुक, एरवी कोपऱ्यात कसर लागून पडलेली. तिच्यातली एक ओळ एका कुटुंबाचे शिक्षण आणि नोकरी ठरवू लागली.

एक ओळ इतकी मोलाची झाली की तिच्यावर हात पडणारच. जात पडताळणीच्या प्रकरणांत वेगळ्या शाईत घुसवलेला शब्द आणि खाडाखोड या गोष्टी काही नवीन नाहीत. म्हणून अशी वही पाहायला सर्वांना मिळावी, पण हात लावणारा प्रत्येक जण नोंदीत असावा. स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली की प्रश्न मिटला, असे समजले जाते. स्कॅनिंगचे काम बाहेरच्या एजन्सीचे, मुलेही कंत्राटी. मूळ वही त्यांच्याकडे किती दिवस होती आणि पाने मोजून परत घेतली का, हे विचारले तर उत्तर देणारा कोण? शिवाय एका पानावर एका घराची नोंद नसते. अर्जदाराला हवी असते एक ओळ, जगाला दिसते अख्ख्या गावाची वंशावळ.

आता दुसरी बाजू. माहिती अधिकारात अर्ज करा, ‘सदर संचिका आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेले. माहितीच्या अधिकारातील अपवादांच्या यादीत ‘फाइल सापडत नाही’ हे कारण कुठेही नाही; कसून शोध आणि चौकशी केल्याशिवाय असे सांगून माहिती नाकारता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्या राज्यात तर 2005 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोकरीभर या कायद्याचा उल्लेख मी बैठकीत क्वचितच ऐकला. 21 जून 2012 ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसे गेली, फायलीही गेल्या. त्यानंतर संगणकीकरणाची बरीच चर्चा झाली. आज ई-ऑफिस आले आहे. जुने गठ्ठे जिथे होते तिथे आहेत.

कक्षात नेमणूक म्हणजे शिक्षा, अशीच आमच्याकडे समजूत होती. भांडणारा, आजारी किंवा निवृत्तीला टेकलेला माणूस तिथे बसवायचा. त्याऐवजी प्रशिक्षित अभिलेखपाल द्या, जिल्ह्याला किमान एक मोडी वाचक कायमचा ठेवा, नागरिकांचे कागद तुकडे केल्याशिवाय आवाराबाहेर सोडू नका. याला पैसे लागतील, हे मान्य. पण तपासणीच्या तक्त्यात रंगवलेल्या कक्षाचा फोटो चिकटवण्याऐवजी ‘वर्षभरात किती संचिका बाहेर गेल्या, किती परत आल्या, न आलेल्या कोणाच्या सहीने गेल्या’ असे तीन रकाने छापायला तरतूद कशाला हवी?

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी, मराठवाडा