आत्याबद्दल बोलताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आत्याच्या शोकसभेत तू बोलणार आहेस हे आईकडून कळलं. आधी मलाच विचारलं होतं, मी नाही म्हटलं. मी उभा राहिलो तर पहिल्या वाक्यालाच गळा दाटेल आणि लोक ताईला सोडून मलाच सांभाळत बसतील.

सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. जन्म, शिक्षण, नोकरी यातलं काही नको, ते निवेदक सांगेलच. 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' हेही राहू दे. गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल तेच बोलतात. फोनवर 'बरं, ठेवते' म्हटल्यावर आत्याचं खरं बोलणं सुरू व्हायचं, ते सांग. शब्दकोडं ती थेट पेनानेच सोडवायची आणि अडली की कोडं रचणाऱ्यालाच नावं ठेवायची. हे ऐकल्यावर ती हट्टी होती हे वेगळं सांगावं लागणार नाही. लोक हसले तर हसू देत. कुणी नाक मुरडलंच, तर त्याची आत्याशी फारशी ओळख नव्हती असं समज.

तिची जीभ तिखट होती, तेही येऊ दे. देव्हाऱ्यात बसवलेली आत्या कुणालाच ओळखू येणार नाही. पण घरातले जुने वाद उकरू नकोस. तिच्या तोंडावर जे बोलली असतीस तेवढंच बोल.

चार-पाच मिनिटं पुष्कळ झाली. अशा वेळी माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दच बोलतो, तेव्हा ५०० शब्दांच्या पुढे जाऊ नकोस. मोठ्या अक्षरात, ओळी सुट्या ठेवून कागदावर लिही. मोबाइलवरून वाचायच्या भानगडीत पडू नकोस, नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. घरी दोन-चारदा मोठ्याने वाच. आवाज कुठे कापतो ते कळेल, तिथे खूण कर आणि त्या ओळीआधी श्वास घे. तरी रडू आलंच तर माफी मागत बसू नकोस. पाण्याचा घोट घे, थांब, लोक थांबतात. एक प्रत दादाकडे देऊन ठेव. तुला पुढे जमलं नाही तर तो वाचेल.

मसुदा झाला की पाठव. दुरुस्त्या सुचवणार नाही, नावं आणि सालं तेवढी तपासून देईन. ताईचं लग्नाचं साल तिचं तिलाच कधी आठवायचं नाही.

तुझा,
बाबा