बाबा, तो आवाज मी बुसानला ऐकला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री बुसानहून सुखरूप परतले. फोन केला तेव्हा आईशी पोटभर बोलणं झालं. बाबा, तुम्ही मात्र नेहमीसारखं 'हो, हो, बरं' म्हणून फोन आईच्या हातात दिलात. माझं अर्धंअधिक तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, ते मला कळलं. आणि या खेपेला सांगायचं होतं ते तुम्हालाच. म्हणून कागदावर लिहितेय, मोठ्या अक्षरात.

काम चार दिवसांचं होतं. जहाजाच्या इंजिनाचे सुटे भाग रवाना होण्याआधी डोळ्यांखालून घालायचे, सह्या करायच्या, झालं. बुसान म्हणजे दक्षिण कोरियाचं सगळ्यात मोठं बंदर. फोटोत दिसते ती हेउंदेची चौपाटी, तिथले काचेचे मनोरे, रात्री दिव्यांनी उजळलेला ग्वांगान पूल. मीही ते सगळं पाहिलं, सुंदर आहे. पण माझा जीव जडला तो योंगदो नावाच्या बेटावर. शहराला पुलांनी जोडलेलं, डिझेल आणि खाऱ्या वाऱ्याचा वास असलेलं. पहिल्याच सकाळी तिथे उतरले आणि वाटलं, आपण माझगावात आलोय.

आमचं वर्कशॉप तिथल्या देप्योंग-डोंग भागात होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना लेथ, वेल्डिंग, दोरखंड, नांगराच्या साखळ्यांचे ढीग. मागच्या धक्क्यावर एक मासेमारी बोट वर ओढून ठेवली होती आणि कोणीतरी तिच्या पत्र्यावर हातोडी मारत होतं. कांग, कांग, कांग. हातातला चहाचा कप तसाच राहिला. बाबा, चिपिंगचा आवाज! लहानपणी मी तुमचा डबा घेऊन गोदीच्या गेटवर यायचे, तेव्हा भिंतीपलीकडून यायचा तोच.

त्या वस्तीला म्हणतातच 'कांगकांगी' गाव, या आवाजावरून. आणि ऐका, तिथे हे काम करायच्या बायका. जहाज गोदीत चढवलं की दोरीने टांगलेल्या फळीवर बसून, पत्र्याला चिकटलेले शिंपले आणि गंज हातोडीने उडवायचा, म्हणजे नवा रंग धरेल. दिवसभर. कुणाचा नवरा समुद्रात गेलेला, कुणाचा परत न आलेला. त्या हातोडीवर मुलांची शिक्षणं झाली. त्यांतल्या कितीजणींचे कान त्या आवाजाने गेले. आज तिथल्या एका उंच इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा रंगवलाय, हेंड्रिक बायकिर्श नावाच्या जर्मन चित्रकाराने. सुरकुती न सुरकुती दिसते. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि मला तुम्ही दिसत होतात. कानात कापसाचा बोळा, कानाच्या पाळीत तांबूस भुकटी, आणि आईने वेगळा ठेवलेला तुमचा टॉवेल, ज्याचे गंजाचे डाग कधीच निघाले नाहीत.

टीव्हीचा आवाज मोठा ठेवता म्हणून मी तुमच्यावर किती वेळा ओरडले. एक गोष्ट तीनदा सांगावी लागली की किती चिडले. ते कान कशात गेले, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच फळीवर बसून भरलीत. चुकले मी, बाबा.

आई, आता तुझ्यासाठी. जागालची म्हणून मासळीबाजार आहे, तिथे तुला न्यायलाच हवं होतं. सगळ्या विक्रेत्या बायकाच, रबरी बूट, प्लास्टिकचा एप्रन, आणि गळा आपल्या कोळणींसारखा. 'ओइसो, बोइसो, साइसो', म्हणजे या, बघा, घ्या! बुसानच्या बोलीत या बायकांना 'आजिमे' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. एकीपुढे वाकट्या मांडल्या होत्या, आपल्यापेक्षा रुंद आणि आरशासारख्या चकचकीत. मी बोटाने कल्ला उचलून बघितला, तू शिकवलंस तसा. ती मोठ्याने हसली आणि खालची ताजी काढून दाखवली. एक शब्द न बोलता आमचा व्यवहार झाला.

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात बुसान देशाची तात्पुरती राजधानी होतं. उत्तरेकडून लाखो माणसं जीव घेऊन इथे आली. ताटातूट झालीच तर योंगदोच्या पुलावर भेटू, असं घराघरांत ठरलेलं. पूल १९३४ चा, जहाजांना वाट देण्यासाठी ज्याचा एक भाग उचलला जातो असा. १९६६ मध्ये उचलणं बंद केलं, २०१३ पासून परत सुरू केलं. शनिवारी दुपारी २ वाजता मी काठावर उभी होते. भोंगा झाला, गाड्या थांबल्या, आणि रस्ता सावकाश आभाळाकडे उभा राहिला. शेजारी एक आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होते. त्यांना काही विचारावंसं वाटलं, पण भाषा नव्हती.

निर्वासितांनी घरं बांधली ती डोंगरावर. चोरयांग भागात १६८ पायऱ्यांचा एक जिना आहे, पायथ्याशी विहीर. तिथून बायका पाणी वर न्यायच्या. मी रिकाम्या हातांनी चढले तरी दोनदा टेकले. तुझे चाळीतले तीन मजले आणि दोन कळश्या आठवल्या.

सुकी मासळी आणलीय, मांदेलीसारखी बारीक, तिथल्या गिजांगची. कांदा-कोकम घालून करून बघ, पण मीठ आधी चाखून घाल.

येत्या रविवारी मी येतेय. सोमवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सुट्टीही टाकलीय. 'या वयात मशीन कशाला' असं म्हणू नका. तुमच्याशी मला खूप बोलायचंय आणि तुम्ही ते ऐकायला हवंय. गोदीतलं पहिलं जहाज कोणतं, फळीवर शेजारी कोण बसायचं, काहीच मी कधी विचारलं नाही.

तुमची हातोडी माळ्यावर असेल. तुम्ही चढू नका, आल्यावर मी काढते.

तुमची,
मनू