काकाश्तलाच्या रखवालदार काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघडं लिहितेय. मोडकंतोडकं स्पॅनिश बोलणारी, काकाश्तलाच्या प्राचीन शहराचे अवशेष बघायला पुण्याहून मेक्सिकोत आलेली ती बाई मीच. व्हॅनवाल्याने भलत्याच फाट्यावर उतरवलं होतं. सान मिगेल देल मिलाग्रो गावाची चढण पायी चढून येईपर्यंत दुपार कलली. तुम्ही आधी पाणी दिलंत, तिकिटाचं नंतर बोललात.

मेक्सिकोला आलेला माणूस तेओतिवाकानचे पिरॅमिड बघायला जातो. त्लाश्काला राज्यातल्या तुमच्या या टेकडीवर त्या दिवशी आम्ही जेमतेम चौघं होतो. मी आले होते लढाईचं भित्तिचित्र बघायला. जग्वारची कातडी पांघरलेले योद्धे, त्यांच्यासमोर पक्ष्यांचे शिरपेच घातलेले पराभूत, एकाच्या हातात स्वतःचीच आतडी. हजाराहून जास्त वर्षं झाली, तरी निळा रंग कालचा वाटतो. नीळ आणि एक खास माती मिळून होणारा हा माया लोकांचा रंग, त्यांच्या प्रदेशापासून इतक्या दूर! पुढचं बांधकाम करताना तिथल्याच लोकांनी ही भिंत मातीखाली झाकली, म्हणून चित्र वाचलं. १५१९ मध्ये स्पॅनिश आले तेव्हा शहर कधीच ओस पडलं होतं, आणि रंग पुन्हा उजेडात आले ते १९७५ मध्ये, गावकऱ्यांच्या खणण्यातून.

एवढं पाहून मी निघाले होते. तुम्ही थांबवलंत आणि लाल मंदिराच्या जिन्यापाशी नेलंत. तिथल्या भिंतीवरच्या चित्रात व्यापाऱ्यांचा म्हातारा देव उभा आहे. समोर मक्याची रोपं, कणसांच्या जागी माणसांचे चेहरे. आणि मागे त्याने टेकवून ठेवलेलं ओझं, त्यावर त्याची टोपी. ओझं बांधून पाठीवर वाहायच्या चौकटीला ‘काकाश्तली’ म्हणतात, जागेचं नावही त्यावरूनच, हे तुम्ही सांगितलंत. ती वाहायची कशी ते मला कळेना, तेव्हा कमरेचा पट्टा काढून कपाळावर लावलात आणि वाकून चार पावलं चालून दाखवलंत.

काका, माझे आजोबा मार्केट यार्डात हमाल होते. आयुष्यभर पोती वाहिली, घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ओझं वाहणारा देव मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत, बाजूला जाऊन उभे राहिलात. बंद व्हायची वेळ झाली होती, तरी घाई केली नाहीत. नंतर रस्त्यापर्यंत येऊन व्हॅन थांबवलीत आणि मला कुठे उतरवायचं ते चालकाला दोनदा बजावलंत.

मनापासून आभार, काका. आजोबांचा फोटो तुम्हाला दाखवायचा होता, पण फोनमध्ये नव्हता. आता ट्रंकेतून काढून ठेवलाय.

तुमची,
पुण्याची पाहुणी